साहेबांची मैत्री कुणाला परवडते?

महाराष्ट्रात १९७१ साली कामगार संघटनांना मान्यता देणारा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा कायदा झाला. औद्योगिक न्यायालयाच्या आवारात ‘यूएलपी टाकली’ असं जे कानावर पडतं, ते या कायद्याखालच्या अनुचित प्रथेच्या (अनफेअर लेबर प्रॅक्टिस) तक्रारीबद्दल. त्याच्या चौथ्या परिशिष्टात मालकांनी काय करू नये याची यादी आहे. सूडबुद्धीनं बदली करू नये, कायदेशीर संप चालू असताना नवी भरती करू नये, दुसऱ्याच्या जागी घेतलेल्या बदली कामगाराला वर्षानुवर्षं तात्पुरतंच ठेवू नये, बळजबरी करू नये. सगळ्या ढळढळीत गोष्टी. त्यांच्या मधोमध, पाचव्या क्रमांकावर, एक साधीशी ओळ आहे: गुणवत्तेकडे न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं. पुढे १९८२च्या दुरुस्तीनं केंद्राच्या औद्योगिक विवाद कायद्यातही जवळपास हेच शब्द आले.

ही ओळ मला फार शहाणी वाटते. मॅनेजरनं हाताखालच्या माणसांशी कसं बोलावं, त्यांच्याबरोबर टपरीवर चहा प्यावा की नाही, नावानं हाक मारू द्यावी की ‘सर’ म्हणवून घ्यावं, यावर कायदा अवाक्षर काढत नाही. साहेबांच्या जवळिकीची किंमत भलताच कुणी मोजतोय का, एवढाच त्याचा प्रश्न आहे.

प्रशिक्षणाच्या वर्गांत मात्र उलटाच प्रश्न शिकवला जातो. ‘फ्रेंडली राहा, फ्रेंड होऊ नका’ हे वाक्य मी इतक्या पाहुण्या वक्त्यांकडून ऐकलं आहे की ते बहुधा एकाच झेरॉक्सवरून वाचत असावेत. ऐकायला सुटसुटीत आहे, पण वागायची वेळ आली की त्याचा काही उपयोग होत नाही. फ्रेंडली कुठे संपतं आणि फ्रेंड कुठे सुरू होतं? हसणं किती, चौकशी किती, घरी जाणं किती? मग माणूस आपल्या स्वभावाप्रमाणे उत्तर काढतो. मुळात अबोल असलेला ‘मी व्यावसायिक आहे’ म्हणून अधिकच आखडतो आणि बोलघेवडा ‘माझी टीम म्हणजे माझं कुटुंब’ म्हणत सुटतो. दोघांनाही वाटतं, समतोल साधला.

माझं म्हणणं असं की अंतर माणसापासून ठेवायचंच नाही. ते निर्णयापासून ठेवायचं. रजा, पाळी किंवा टेबल, वार्षिक शेरा आणि पगारवाढ: वरिष्ठाच्या हातात खरी सत्ता असते ती या चार ठिकाणी. तिथे मैत्रीचा वारा लागू द्यायचा नाही. बाकी ठिकाणी साहेबानं खुशाल हसावं, खेळावं, कुणाच्या मुलीच्या बारावीच्या मार्कांची चौकशी करावी. त्यानं काहीही बिघडत नाही.

मी सरकारी बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे उदाहरणं तिथलीच सुचतात. शाखा म्हणजे काही फार मोठं राज्य नव्हे. पण रजेचं रजिस्टर ज्याच्या टेबलावर, त्याची सत्ता काय असते हे गणपतीच्या आधीच्या आठवड्यात कळतं. कोकणातल्या माणसाला गणपतीला घरी जायचं असतं, पंढरपूरकडच्याला आषाढीला, ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांना मे महिन्यात आणि दिवाळीला सगळ्यांनाच. मार्चअखेर तर कुणालाच मिळत नाही. अशा वेळी साहेबांच्या खास मर्जीतल्या माणसाला सलग पाच दिवस मिळाले आणि दुसऱ्याला ‘बघू, स्टाफ शॉर्ट आहे’ असं उत्तर मिळालं, तर त्या शाखेत वर्षभर कितीही वाढदिवसांचे केक कापा, काही उपयोग नाही. ज्याला रजा मिळाली नाही, तो साहेबांच्या हसण्याचाही हिशेब ठेवायला लागतो. आज कुणाच्या टेबलापाशी थांबले, चहाला कुणाला हाक मारली. साहेबांच्या हे ध्यानीमनीही नसतं.

टेबलाचंही तेच. पेन्शनच्या दिवशी रोख काउंटरवर कोण बसणार आणि मागे शांतपणे फायली कोण पाहणार, हे वाटप शाखेतल्या कुठल्याही भाषणापेक्षा जास्त बोलकं असतं. माझ्या पाहण्यातल्या एका शाखेत दोनच लोक वर्षानुवर्षं काउंटरवर दिसायचे. दोघंही मितभाषी, साहेबांशी कामापुरतं बोलणारे. त्यांच्यावर कुणाचा राग होता असं अजिबात नाही. साहेबांना ते आठवायचेच नाहीत, एवढंच. बहुतेक पक्षपात असाच होतो. दुष्टपणाला निदान आठवण ठेवावी लागते, विसरायला तेवढेही कष्ट पडत नाहीत.

बँकेला मात्र जवळिकीचा धोका संस्था म्हणून फार पूर्वीच कळलेला आहे, आणि तिनं तो माणसांच्या सुजाणपणावर सोडलेला नाही. प्रत्येक व्यवहाराला दोन हात लागतात. एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं तपासून मंजूर करायची. पूर्वी हे व्हाउचरवरच्या सह्यांनी व्हायचं, कोअर बँकिंग आल्यापासून स्क्रीनवर होतं. या रचनेचा सगळा जीव दुसऱ्याच्या संशयात आहे. आणि मैत्री नेमका तोच संशय घालवते. ‘अरे, मीच टाकलंय ते, कर ओके.’ ‘जेवायला जातोय, माझ्या आयडीवरून तेवढं करून टाक.’ यात लबाडी शून्य असते, असतो तो नुसता विश्वास. पण पुढे कधी खात्यातून पैसे गेले की चौकशी अधिकारी पासवर्ड कुणाचा होता हे विचारतो, दोस्ती किती जुनी होती हे विचारत नाही.

म्हणून तर बँकांत ठरावीक काळानं बदल्या होतात, शाखेत टेबलं फिरवली जातात आणि क्लार्कचा अधिकारी झाला की त्याला सहसा दुसरीकडे पाठवतात. काल ज्यांच्याबरोबर युनियनच्या गेट मीटिंगला घोषणा दिल्या, त्यांच्याच रजेवर आज सही करायची पाळी येऊ नये ही त्यातली समज. रिझर्व्ह बँकेनं आणखी एक पायरी वर जाऊन सांगितलं आहे: संवेदनशील जागेवर काम करणाऱ्याला वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग किमान १० कामाच्या दिवसांच्या सक्तीच्या रजेवर पाठवा आणि त्या काळात त्याला कामाच्या यंत्रणेत शिरू देऊ नका. त्याच्या खुर्चीवर दुसरा बसला की जे दडलं असेल ते वर येतं. पंजाब नॅशनल बँकेचं २०१८ साली उघडकीला आलेलं प्रकरण आठवा. मुंबईच्या ब्रॅडी हाऊस शाखेतून हमीपत्रं स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेवरून, जात राहिली आणि बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत त्यांची नोंदच नव्हती. तिथला एक अधिकारी बदलीचे नियम असूनही अनेक वर्षं त्याच विभागात होता. तो गुन्हेगारीचा भाग न्यायालयाचा. पण इतकी वर्षं ‘तो बघतो ते काम’ असं म्हणून आजूबाजूची माणसं निर्धास्त राहिली असणार, हे बँकेत काम केलेल्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही.

आता जिथे ही मैत्री घडते त्या जागेकडे वळू. ऑफिसात ती फारशी घडत नाही, सुटल्यावर घडते. शनिवारची ‘बैठक’, रविवारी सकाळचं टर्फवरचं क्रिकेट, कुणाच्या तरी शेतावरचं मटण. मजा असते, मी नाही म्हणत नाही. पण तिथे कोण नसतं ते मोजून पाहा. बायका नसतात. त्यांना सहाची लोकल पकडायची असते, घरी जाऊन कुकर लावायचा असतो, आणि थांबल्या तरी दुसऱ्या दिवशी चर्चा. न पिणारा एकदा येतो, वेफर्स खाऊन कंटाळतो, पुढच्या वेळी बोलावणं येत नाही. नवा लागलेला, बाहेरच्या राज्यातला, ज्याला साहेबांच्या गावची माणसं आणि आडनावं माहीत नाहीत तो. आणि आडनावावरून ज्याच्याशी सगळे जरा जपूनच बोलतात तो. कंत्राटी कामगाराचा तर प्रश्नच येत नाही, त्याचं कँटीनचं कूपनही कित्येक ठिकाणी वेगळ्या रंगाचं असतं.

बैठकीत कामाचं कुणी बोलत नाही अशी सर्वांची समजूत असते. प्रत्यक्षात पुण्याला नवी शाखा निघतेय, अमुक प्रोजेक्टवर परदेशी जायला माणूस हवाय, तमुक साहेबांची बदली होतेय, या बातम्या परिपत्रकाच्या पंधरा दिवस आधी तिथेच फुटतात. ज्याला आधी कळलं, त्याचा अर्ज आधी तयार. पुढे निवडीच्या यादीत ‘योगायोगानं’ तीच नावं येतात आणि साहेबांना मनापासून वाटतं की आपण गुणांवर निवड केली. खरंही असेल ते, गुण असतीलही. फक्त ज्यांचे गुण पाहायची साहेबांना संधीच मिळाली नाही, त्यांच्याबद्दल ते काय सांगणार?

या जागेला दुसरीही एक काळी बाजू आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या विशाखा निकालातून आला, तो १९९७चा. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती असलीच पाहिजे, हे आता भिंतीवरच्या फलकामुळे तरी सर्वांना माहीत आहे. त्या कायद्यात छळाच्या परिस्थितींमध्ये धमकीइतकंच स्थान आहे नोकरीत झुकतं माप देण्याच्या आमिषाला, मग ते आमिष उघड असो की सूचक. याच्या मुळाशी एक साधं सत्य आहे, ते वरिष्ठांच्या गळी उतरत नाही: ज्याच्या हातात तुमचा वार्षिक शेरा आहे, त्याला ‘नाही’ म्हणणं महाग असतं. साहेबांच्या विनोदाला सगळे हसतात. हसणाऱ्यांना तो आवडला असा निष्कर्ष फक्त साहेबच काढतात. ‘आमच्यात एवढं मोकळं वातावरण आहे, तिला कधी काही वाटलं नाही’ हे वाक्य समितीपुढे नेहमी वरच्या खुर्चीतूनच येतं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग जुने साहेबच बरे होते. दार बंद, खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल, टेबलावर घंटी, बाहेर बाकावर शिपाई. दिसेल तो उठून उभा राहणार. अंतरच अंतर.

मला त्या जमान्याची अजिबात हुरहुर वाटत नाही. अशा साहेबाच्या ऑफिसात पक्षपात कमी असतो हा गोड गैरसमज आहे. साहेबांपर्यंत पोचता येत नाही म्हटल्यावर पोचवणाऱ्याचा भाव वाढतो. शिपाई, स्टेनो, गाडीचा ड्रायव्हर, मॅडमच्या भाजीची पिशवी आणणारा. कुणाची फाईल आज वर ठेवायची हे तेच ठरवतात. मोकळ्या साहेबाची मर्जी निदान दिसते तरी. बंद दाराआडच्या साहेबाची मर्जी कुणाच्या हातात आहे, हे शोधायला नव्या माणसाची दोन वर्षं जातात.

आणि भीतीची किंमत मर्जीहून जबर असू शकते. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर थांबू शकलं नाही. ते टोक ओलांडून खाली कोसळलं आणि १५८ जण मरण पावले. चौकशीत निघालं की विमान नीट बेतात येत नाही हे सहवैमानिकाच्या लक्षात आलं होतं. ‘गो अराउंड’ म्हणजे उतरू नका, पुन्हा वर चला, असं त्यानं तीनदा सांगितलं. कॅप्टननं उतरणं चालूच ठेवलं आणि सहवैमानिकानं नियंत्रण स्वतःच्या हातात घेतलं नाही. हवाई क्षेत्रात वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातला अधिकाराचा उतार किती तीव्र असावा याचं शास्त्रच तयार झालं आहे, वैमानिकांना ते शिकवतात, कारण तिथे गप्प बसण्याचा निकाल काही सेकंदांत लागतो. कारखान्यात तो उशिरा लागतो. प्रेस मशीनचं संरक्षक गार्ड काढून काम चाललंय हे सगळ्या लाइनला माहीत असतं, फक्त जो ओरडेल त्या साहेबाला माहीत नसतं. एखाद्याची बोटं गेल्यावर साहेब विचारतात, मला कुणी सांगितलं का नाही.

तेव्हा माणसांना साहेबाशी बोलायला सोपं वाटलंच पाहिजे. तो कामाचाच भाग आहे, स्वभावाचा अलंकार नव्हे. बोलणं सोपं झालं म्हणून निर्णय सैल व्हायलाच हवेत असं मात्र कुठे लिहिलंय?

सैलपणा सर्वांत जास्त नडतो तो वार्षिक शेऱ्यात. सरकारी नोकरीतल्या माणसाला ‘सीआर’ म्हणजे गोपनीय अहवाल काय असतो ते सांगायला नको. खासगीत त्याला अप्रेझल म्हणतात, रेटिंग म्हणतात. भला साहेब इथे हमखास चुकतो, आणि चुकतो तो भलेपणामुळेच. वर्षभर ज्याच्याबरोबर डबा खाल्ला त्याला ‘तुझं काम कच्चं आहे’ असं तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही. मग तो तोंडानं ‘उत्तम चाललंय’ म्हणतो आणि कागदावर ‘चांगला’ लिहितो. वाचणाऱ्याला वाटेल, ‘चांगला’ म्हणजे चांगलंच की.

सर्वोच्च न्यायालयानं मे २००८ मध्ये देव दत्त विरुद्ध भारत सरकार या प्रकरणाचा निकाल दिला, तो याच शब्दावर. सीमा रस्ते संघटनेतले हे अभियंता. अधीक्षक अभियंता पदाच्या बढतीसाठी सलग पाच वर्षांच्या अहवालात ‘अत्युत्तम’ हवं होतं. त्यांच्या १९९३-९४च्या अहवालात ‘चांगला’ असा शेरा होता. शेरा प्रतिकूल नसल्यामुळे त्यांना तो कळवलाच नव्हता, कारण तेव्हा फक्त प्रतिकूल शेरे कळवायची रीत होती. बढती गेली. न्यायालयानं म्हटलं की शेरा दिसायला बरा आहे की वाईट याला अर्थ नाही, त्याचा परिणाम काय झाला ते पाहा. प्रत्येक नोंद, बरी असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे आणि त्याला त्यावर दाद मागता आली पाहिजे. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं यावर शिक्कामोर्तब केलं.

त्या प्रकरणात शेरा लिहिणाऱ्याचा हेतू काय होता ते मला ठाऊक असण्याचं कारण नाही. मला दिसते ती रीत. न बोलता लिहिलेला गुळगुळीत शब्द माणसाचं आयुष्य अडवू शकतो, आणि तो लिहिणारा प्रेमळही असू शकतो. आयटीत हेच ‘बेल कर्व्ह’च्या नावाखाली चालायचं: किती जणांना वरचं, मधलं आणि खालचं रेटिंग द्यायचं याचं प्रमाण आधीच ठरलेलं. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीनं २०१३ मध्ये ती सक्तीची वाटणी सोडली तरी तिची सवय पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. हिंजवडीतला एखादा लीड वर्षभर ‘यू आर डुइंग ग्रेट’ म्हणतो आणि एप्रिलमध्ये तीनचं रेटिंग देऊन ‘माझ्या हातात नव्हतं रे, वरून आलं’ म्हणतो. हे दुसरं वाक्य फार वाईट. मित्र राहायचं म्हणून तो आपला निर्णय दुसऱ्याच्या नावावर खपवतो. त्यानं समोरच्याची मैत्रीही गमावली आणि वरच्यांबद्दलचा विश्वासही. अप्रिय गोष्ट वेळेवर, एकांतात आणि ‘हे माझं मत आहे’ असं म्हणून सांगणारा साहेब चार दिवस नकोसा होतो. पाचव्या दिवशी त्याच्याचकडे माणसं सल्ल्याला जातात.

निर्णयाला अंतर द्यायचं म्हणजे प्रत्यक्षात काय, तर निर्णय कशावर घेतला ते चारचौघांना दिसू द्यायचं. मी पाहिलेल्या एका शाखाधिकारी बाईंनी रजेचा तक्ता भिंतीवर लावला होता. गेल्या वर्षी गणपतीत कोण होतं, यंदा कुणाचा नंबर, सगळं समोर. त्या स्वतः प्रचंड गप्पिष्ट. कुणाच्या सुनेचं बाळंतपण कुठल्या दवाखान्यात झालं हे त्यांना माहीत असायचं. पण रजेसाठी त्यांच्याशी गोड बोलण्याचा काहीच फायदा नव्हता, त्यामुळे त्यांच्याशी लोक जे गोड बोलायचे ते खरंच असायचं. माझ्या मते मोकळेपणा इतका निर्धास्त होण्याचं कारण तो तक्ता होता. यांत्रिक वाटेल, पण जिथे निर्णयाची रीत कोरडी असते तिथे माणसांना ओलावा परवडतो.

सरकारनंही आपल्या परीनं हे करून पाहिलं. राज्याचा बदल्यांचा २००५चा कायदा याच हेतूचा: एका पदावर साधारण तीन वर्षं, बदल्यांचा ठरलेला महिना, मुदतीआधी हलवायचं तर कारणं लेखी. त्यातल्या अपवादाच्या कलमाचं पुढे काय झालं ते मंत्रालयाच्या पायऱ्या चढलेल्यांना विचारा. तरी निदान ज्याची बदली अवेळी झाली, तो मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जाऊन ‘कारण दाखवा’ म्हणू शकतो. खासगी कंपनीतल्या, कायद्याच्या भाषेत ‘कामगार’ न ठरणाऱ्या माणसाला एवढंही नाही. तिथे एचआरचा ईमेल आणि ‘बिझनेस रिक्वायरमेंट’.

व्हॉट्सॲपचा विषय खरं तर वेगळ्या लेखाचा आहे, पण थोडक्यात. रात्री अकराला साहेबांनी ग्रुपवर टाकलेला विनोद हाही हजेरीपटच असतो. कुणी अंगठा दाखवला, कुणी नाही. साहेबांना वाटतं आपण किती मोकळे. पलीकडे माणूस बायकोला सांगत असतो, ‘थांब, साहेबांना रिप्लाय टाकू दे.’ सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याच्या हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं, तेव्हा अनेकांनी ते हसण्यावारी नेलं होतं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

माझ्या या चार जागांच्या नियमाला खरी अडचण येते ती छोट्या गावात. तिथे शाखाधिकारी, क्लार्क आणि शिपाई एकाच पेठेत राहतात, मुलं एकाच शाळेत जातात, हरिनाम सप्ताहाची वर्गणी एकाच पावतीपुस्तकावर फाडतात. तिथे ‘ऑफिस सुटल्यावर’ असं काही नसतंच. भिशी असते. सेवकांची पतसंस्था असते आणि कर्जाला जामीन लागतात. साहेबानं हाताखालच्या माणसाला ‘जरा जामीन राहशील का’ असं विचारलं तर तो काय उत्तर देणार? राज्याच्या नागरी सेवेच्या १९७९च्या वर्तणूक नियमांत भेटवस्तू आणि उसनवारीवर बंधनं आहेत ती उगाच नाहीत. मी म्हणेन, गावात लग्नाला जावं, मयताला खांदा द्यावा, सप्ताहात पंगत वाढावी. फक्त पैशाचा व्यवहार आपल्या हाताखालच्या माणसाशी करू नये, देण्याचाही नाही आणि घेण्याचाही. उसने दिलेले पाच हजार परत मागता येत नाहीत म्हणून कामचुकारपणाचा मेमोही देता येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

काहींना हे सगळं फार हिशेबी वाटेल. एका तरुण मॅनेजरनं मला विचारलंही, मग कामाच्या ठिकाणी जिवाभावाचा मित्र मिळूच नये का? मिळावा की. पण त्याचं रेटिंग ज्या दिवशी तुमच्याकडे येईल, त्या दिवशी वर जाऊन सांगा की याचं मूल्यमापन दुसऱ्या कुणाकडे द्या. न्यायाधीश ओळखीच्या पक्षकाराच्या खटल्यातून बाजूला होतात, तिथे कुणाला त्यांची मैत्री खोटी वाटत नाही. कंपन्यांच्या फॉर्ममध्ये अशी एक चौकट टाकायला फार खर्च येणार नाही. मी तसं म्हटल्यावर तो तरुण म्हणाला, ‘सर, असं सांगितलं तर दोघांनाही बाहेरचा रस्ता दाखवतील.’ त्याच्या कंपनीत तसं असेलही. तसं असेल तर तिथला समतोल बिघडवणारा माणूस तो नव्हे, आणि त्याला ‘फ्रेंडली राहा, फ्रेंड होऊ नका’ शिकवायला पाठवण्यापेक्षा तो फॉर्म ज्यांनी तयार केला त्यांना वर्गात बसवावं.